टीव्हीवरचं आवतन

वाशीममध्ये मी मुलींची मेस चालवते. जेवणाच्या खोलीत टीव्ही आहे, पण आपलं ताट धुऊन जागेवर ठेवल्याशिवाय त्याच्यासमोर बसायचं नाही, असा माझा नियम आहे. ती मालिका सुरू झाली त्या महिन्यात ताटं फार लवकर धुतली जायची, कारण मालिका आमच्या जिल्ह्यात घडणारी होती. निदान पडद्यावर तसं लिहून यायचं.

गोष्ट अशी. वाशीम जिल्ह्यातल्या एका गावात आकाशातून काहीतरी पडतं आणि विहिरीत जातं. त्यानंतर गावातली माणसं एकेक करून नाहीशी होतात. शोध घ्यायला मुंबईहून एक बाई येते. ती शास्त्रज्ञ असते, आणि चिखलातून चालली तरी तिच्या साडीची इस्त्री मोडत नाही.

मुली पहिल्याच भागात तुटून पडल्या.

"मावशी, माती पाहा! लाल!"

"हे वाशीम हाय का कोकन?"

"अन् ते सुनबाई सासऱ्याले 'काय बे' म्हनून राह्यली. उद्या माह्या सासऱ्याले म्या बे म्हटलं तं तो मले त्याच इहिरीत टाकीन."

मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची, गॅसची, सुट्टीवर जाणाऱ्या मुलींची. तशी मी मालिकेतल्या चुकांचीही केली. लाल माती. सासऱ्याला बे. सोयाबीन काढणीला आलेलं आणि मागच्या झाडाला कैऱ्या लटकलेल्या. तूर म्हणून दाखवलेली एरंडाची झाडं. ही यादी मी कुणाला दाखवली नाही, कारण मालिका लिहिणाऱ्या चौघांत एक माझी भाची होती.

ती माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ मेडशीजवळच्या आमच्या गावी शेती करतो. अकरावी-बारावीला ती माझ्याकडे राहिली, पुढे पुण्याला गेली, तिथून मुंबईला. मालिकेचं काम मिळाल्याचा फोन तिने आधी मला केला, मग बापाला. ते भावाला अजून आवडलेलं नाही.

चौथ्या भागात एका शेतकऱ्याचा फोन वाजतो. पलीकडून माणसाचा नाही असा थंड आवाज येतो: "आज आवतन घ्या." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी विहिरीच्या काठावर त्याची फक्त चप्पल सापडते.

 मग रिसोडकडची एक मुलगी म्हणाली, "मावशी, हे तं बैलायचं हाय ना?"

बैलांचंच होतं. आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. बैलांना धुऊन आणायचं आणि जू बसून बसून कठीण झालेला खांदा हळद-तूप लावून पळसाच्या पानाने शेकायचा. मग बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर ज्याच्या खांद्यावर खाल्लं, त्याला पाहुण्यासारखं रीतसर बोलवायचं. बोलावल्याशिवाय बैलाला पुरणपोळी घालत नाहीत. माझ्या भावाची मुलगी बोलायला लागली तेव्हापासून आमच्या गोठ्यात ते वाक्य तीच म्हणायची. बैलाच्या कानापर्यंत पोचावं म्हणून भाऊ तिला उचलून धरायचा.

सकाळी भाकरी थापत होते तोच भावाचा फोन आला.

"पाह्यलं का तुया लाडकीचं?"

"पाह्यलं, दादा."

"बैलाचं आवतन तिनं भुताच्या तोंडात देलं. लोकं मले तोंडावर हासून राह्यले."

"भूत नाही ते, दुसऱ्या ग्रहावरचं..."

"मंग त्यायनं त्यायच्या ग्रहावरचं आवतन द्यावं नं! आमचं कायले घेतलं?"

नंतरच्या आठवड्यात गावातून एकेक बातमी येत गेली. पानठेल्यावरची पोरं एकमेकांना फोन करून घोगऱ्या आवाजात "आज आवतन घ्या" म्हणत होती. त्याच आठवड्यात मारुतीच्या पाराजवळच्या एका घरी नातवाचं बारसं होतं. रीतीप्रमाणे त्यांनी घरोघर माणूस पाठवला. त्याने नेहमीसारखं दारात उभं राहून "आज आवतन घ्या बाप्पा" म्हटलं, तर दोन घरांनी कडी लावून घेतली आणि एका म्हातारीने त्याच्यावरून मीठ उतरवून टाकलं. जेवायला अर्धं गाव आलं नाही. संध्याकाळी बारशाचा यजमान उरलेल्या वरणाची बादली घेऊन माझ्या भावाच्या दारात आला आणि ओट्यावर आपटून म्हणाला, "तुया पोरीनं उरवलं, तूच खा."

त्या दिवशी भावाने दोन गोष्टी ठरवल्या. यंदा बैल धुऊ, सजवू, पण ते वाक्य तोंडातून काढणार नाही. आणि पोरीने पोळ्याला येऊ नये.

तिचा फोन मलाच आला.

"आत्या, बाबा येऊ नको म्हणतात. मले घरी यायले आवतन लागते का आता?"

"तू ते वाक्य अर्धंच का ठेवलंस?"

"मी पूर्ण लिहिलं होतं. वरचे म्हणाले, अर्ध्यात भीती जास्त आहे."

"आणि तू हो म्हणालीस."

"म्हणाले मी."

"माती लाल का?"

"तिथंच शूटिंगची परवानगी मिळाली. आत्या, एक पोळा चुकला की दुसरा चुकते. मग मी पाहुणीच होईन."

ते खरं होतं. माझंही तसंच झालं होतं, लग्नानंतर दोन पोळे चुकले आणि माहेर दिवाळीपुरतं उरलं. मी तिला म्हटलं, वाशीमला ये, पुढचं मी बघते. मेसला दोन दिवस सुट्टी दिली, पळसाची पानं, तूप, बेगड, नवे गोंडे अशी खरेदी केली, आणि आम्ही दोघी मेडशीची बस धरली. बसमध्ये पुढच्या बाकावरच्या दोघी तिच्याच मालिकेला शिव्या देत होत्या. ती खिडकीकडे तोंड करून बसली.

भावाने आम्हाला पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, बसमंधी जागा भेटली का?" तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. वहिनीने तिला आत घेतलं.

संध्याकाळी गोठ्यात त्याने दोन्ही बैलांचे खांदे शेकले. हात सवयीने चालत होते. शेकून झाल्यावर तो कानापाशी वाकला आणि तसाच सरळ झाला. भाची गोठ्याच्या दारात उभी होती.

"बाबा, मी म्हणू?"

"तुया तोंडात ते आता टीव्हीचं हाय."

शेजारच्या काकू भिंतीवरून पाहतच होत्या. "काहून गा, आवतन नाई देलं? उद्या बिनआवतनाचे जेवतीन का बैल?"

"देणारीनं देलं हाय सगळ्या जिल्ह्याले," भाऊ म्हणाला आणि हात धुवायला गेला.

काकूंच्या तोंडून हे वाक्य सकाळपर्यंत गावभर झालं असणार, कारण दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले तेव्हा झडत्या आमच्यावरच आल्या. झडती म्हणजे पोळ्यात ओरडून म्हटलेलं टोमण्याचं गाणं. त्या दिवशी कुणी रागवायचं नसतं.

"लाल मातीत पेरली तूर,
टीव्हीवाल्याचं गाव लई दूर,
आवतन देऊन मानूस नेला,
जेवन कुठं ठेवलं बोला,
हर हर महादेव!"

सगळा पोळा हसला. भाऊ कासरा धरून समोर पाहत राहिला. त्याच्या मानेची शीर मला दिसत होती.

तोरण तुटलं, पोळा फुटला. बैल घरी आले आणि त्यांच्या मागे झडतीवाल्यांचं टोळकंही आमच्या अंगणात शिरलं. पुढे बारशाचा यजमान. सगळे भिंतीच्या कडेने रांगेत मांडी घालून बसले.

"आमाले टीव्हीवरून आवतन आलं. जेवाले आलो."

"चप्पल बाहीर ठेवली हाय बाप्पा, शोधायले सोपी."

वहिनी घाबरली. पुरण घरापुरतं होतं. मी पदर खोचला. हे माझं रोजचं काम आहे. एका चुलीवर भात, गॅसवर कढी, पुरण पुरावं म्हणून पोळ्या लहान, भजी भरपूर; शेजारच्या काकूंना भिंतीवरून खाली बोलावून पीठ मळायला बसवलं. काल फार बोलल्या होत्या.

भाची माजघरात भिंतीला टेकून उभी होती. भाऊ बैल बांधून आला, अंगणातली रांग पाहिली. आमच्या अंगणातून जेवायला बसलेला माणूस कधी उपाशी उठलेला नाही, मग तो टिंगलीला बसलेला का असेना. तो दारात आला आणि मुलीवर खेकसला:

"उभी कायले हायेस? आवतन तू देलं ना? वाढ मंग आता!"

आल्यापासून तो तिच्याशी आपणहून पहिल्यांदा बोलला.

तिने वाढलं. प्रत्येक पानाशी तिला टोमणा मिळाला. "पोळी लाल नाई ना व?" "त्या बाईच्या साडीले कोन धोबी हाय, पत्ता सांगजो." "पुढच्या भागात कोन जाते? माया भावाले ने, बांधाचं भांडन मिटन." ती वाढून पुढच्या पानाकडे सरकत होती. बारशाच्या यजमानापुढे मात्र थांबली आणि म्हणाली, "काका, वरण घ्या. त्या दिवशीचं उरलेलं फिटू द्या." त्याने तिच्याकडे रागानेच पाहिलं, पण वाटी पुढे केली. दोनदा केली.

माणसं हात धुऊन, मालिकेला आणखी चार शिव्या घालून गेली. कुणी चांगलं म्हणालं नाही. मग भावाने सुपात पुरणपोळ्या घेतल्या आणि गोठ्यात गेला. भाचीने पाण्याचा तांब्या घेतला आणि मागे गेली. मी दाराशी थांबले.

सूप पुढे करण्याआधी तो थांबला. बोलावलेलं नव्हतं. त्याने बैलाच्या खांद्यावर हात ठेवला. मग कानाशी वाकून म्हणाला, "आज आवतन घ्या, आजच जेवा. उशीर झाला, राग नका धरू." दुसऱ्या बैलाकडे न वळता तो बाजूला सरला. भाचीने तांब्या खाली ठेवला आणि त्या बैलाच्या कानाशी तेच म्हटलं. उचलून धरायची गरज आता उरली नव्हती.

बैल खाऊ लागले.

"हे टीव्हीत टाकू नको," भाऊ म्हणाला.

"नाही टाकत, बाबा."

तिने शब्द पाळला. मालिका अजून चालू आहे, माती अजून लालच आहे, आणि गोठ्यातला हा प्रसंग त्यात कुठेही नाही. मला मात्र त्याने काही बजावलं नव्हतं.