'इतर'चा कप्पा

रोह्याच्या कंपनीत मी सव्वीस वर्षं शिफ्टचे तक्ते केले. निवृत्त झाल्यावर माणूस सुटतो, तक्ता सुटत नाही. जोह्याला माझ्या मेहुण्याचा गणपतीचा कारखाना आहे आणि पेणला विक्रीचा गाळा. ऑर्डरी सांभाळायला त्याने मला बोलावलं, आणि पहिल्याच महिन्यात आमच्या फोनवरच्या ग्रुपने माझं डोकं फिरवलं.

माणसं सात. ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलं, मग कुणाच्या भाच्याचा वाढदिवस, टेम्पोवाल्याचे विनोद, आणि मध्येच कुठेतरी गिऱ्हाइकाची ऑर्डर. रोह्याच्या एका घराने उजव्या सोंडेची मूर्ती सांगितली होती. तो निरोप शुभेच्छांच्या ढिगाखाली गेला आणि त्यांच्या पाटावर डाव्या सोंडेचा गणपती बसला. त्या घरच्या आजोबांनी गाळ्यावर चार गिऱ्हाइकांसमोर माझी जी खरडपट्टी काढली, ती मी अजून विसरलेलो नाही.

मग रोह्याजवळच्या अष्टमी गावात माझ्या घरी बसून मी छोट्या टीमसाठीची तीन ॲप्स तपासली. वहीत रकाने आखले. फुकट आहे का, मराठी नीट दिसतं का, कारखान्याच्या पत्र्याखाली रेंजची एकच काडी असताना चालतं का, निरोप किती जणांनी पाहिला ते कळतं का. पहिलं उघडेपर्यंत चहा निवायचा. दुसऱ्यात कोणी पाहिलं ते कळत नव्हतं. तिसरं पास झालं. त्यात वेगवेगळे कप्पे करता येत होते, आणि नको त्या कप्प्याचा आवाज बंद करता येत होता. मला तर घबाडच मिळालं. ऑर्डर, रंगकाम, टेम्पो आणि इतर असे चार कप्पे मी केले. 'इतर'चा आवाज सगळ्यांच्या फोनवर माझ्या हाताने बंद करून दिला.

मेहुणा म्हणाला, "भावोजी, सात मानसांना चार खोल्या कशाला?" अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे त्याच्या ओठावर आलं असेल. नात्यामुळे बोलला नाही.

मूर्तीचे डोळे आखायचं काम आमच्याकडे एका काकींचं. निडी गावात एकट्या राहायच्या, रोज रेल्वेने यायच्या. अंगाचा रंग कोणीही देईल, पण आखणी त्यांचीच. मोजमाप न घेता दोन्ही डोळे सारखे, आणि रेघ पुरी होईपर्यंत श्वास धरलेला. नव्या ॲपच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी 'ऑर्डर'मध्ये कोयाड्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या आंबटगोड रश्श्याच्या, पातेल्याचा फोटो टाकला, उद्या सगळ्यांना आणते म्हणून. मी सगळ्यांदेखत लिहिलं, "काकी, हा कामाचा कप्पा आहे. घरगुती गोष्टी 'इतर'मध्ये. आणि उठसूट फोन करू नका, लिहा. लिहिलेलं राहतं." त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी कोयाडं आलं आणि मी ते दोनदा वाढून घेतलं.

पुढे एकदा वीजवाल्यांचं काम निघालं आणि शनिवार-रविवार कारखाना बंद राहिला. शनिवारी सकाळी मी गॅलरीत बसलो होतो. फोन गप्प होता. बायकोला म्हणालोसुद्धा, "बघ, याला म्हणतात व्यवस्था."

सोमवारी काकी आल्या नाहीत. मंगळवारीही नाहीत, तेव्हा मेहुण्याने फोन लावला. तो शेजारणीने उचलला. ती काकींना घेऊन पनवेलला डोळ्यांच्या दवाखान्यात बसली होती. तेव्हा कुठे मी 'इतर' उघडला. शनिवारी सकाळी काकींनी लिहिलं होतं, "डाव्या डोळ्याम्होरं काळी सावली आलीय. दुखत नाय. पनवेलला दाखवाया कोन गाडी काढल काय? कामाचा नाय म्हनून इथं टाकलाय." रविवारी पुन्हा, "सावली वाढली. कोन हाय काय?"

दोन्ही निरोपांखाली ॲपने इमानदारीत लिहिलं होतं की हे कोणीही पाहिलेलं नाही. हाच रकाना बघून मी ते ॲप पास केलं होतं.

निडी अष्टमीहून जवळ. माझी गाडी दोन्ही दिवस बिल्डिंगखाली उभी होती.

डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं. शनिवारीच आणलं असतं तर आशा होती, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत घेतलं. आता त्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो.

दोन महिन्यांनी काकी कामावर आल्या आणि एका लहान मूर्तीपुढे बसल्या. ब्रश टेकायच्या आधीच हवेत थांबला. पुन्हा पुढे केला, तर रंग गालावर उतरला. एका डोळ्याला अंतर कळत नाही. त्यांनी फडक्याने गाल पुसला, ब्रश धुतला आणि आडवा न टाकता डब्यात नीट उभा करून ठेवला. मी मेल्याहून मेलो.

आखणी आता दुसरा माणूस करतो. गिऱ्हाइकांना फरक कळत नाही, याचा मला राग येतो. काकी मूर्तींना कागद गुंडाळतात. ते ॲप मी काढून टाकलं, जुना ग्रुप परत आला, गुलाब परत आले. त्याने काय होणार? काही होणार नाही, हे मला रोज सकाळी पहिल्या गुलाबाबरोबर कळतं.

एकदा धीर करून त्यांच्याजवळ बसलो. माफी मागायला गेलो होतो, आणि तोंडातून निघालं, "काकी, फोन का नाही केलात?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुमीच नको म्हनलात ना, भाऊ," त्या म्हणाल्या. हातातल्या मूर्तीला कागद लावून झाला. मग खरंच शिकून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, "मंग त्यो निरोप कंच्या कप्प्यात टाकायचा व्हता?"

मी चारही कप्पे आठवून पाहिले. मग दोरा घेऊन त्यांच्या हातातली मूर्ती बांधायला लागलो.