सत्तावन्न आणि पंचाहत्तर

फोन आला तेव्हा मी मोहोळच्या स्टँडवर सोलापूरच्या एसटीची वाट बघत होते. शैलाताई गेल्या... माझ्या थोरल्या जाऊबाई. आणि डोळ्यांपुढे आली ती गणिताचा पेपर देऊन धावत येणारी बाई! त्यांची आठवण निघाली की आजही मला रडण्याआधी हसू येतं.

आम्ही दोघी जावा सोलापुरात घरीच टॉवेलच्या कडा शिवायचो. त्या दहावीला बीजगणितात नापास झालेल्या, मी नववीतच शाळा सोडलेली. चाळिशी ओलांडल्यावर एका संध्याकाळी त्यांनी जेवताना सांगून टाकलं, की आम्ही दोघी बाहेरून दहावीला बसणार. मोठे दीर हसले. पण पुस्तकं आली.

बाकी सगळं जमत गेलं, अडलं ते एका जागी. दोन अंकी संख्या. अंकांची बेरीज बारा. अंकांची अदलाबदल केली की संख्या अठराने वाढते. दशकस्थानचा अंक x, एककस्थानचा y, इथवर ठीक. पुढे मी संख्या xy लिहायचे, त्या x + y, आणि दोघींचंही चुकायचं. लहानपणी त्यांना बुडवलं होतं ते असल्याच गणितांनी. एका दुपारी टॉवेलचे दहा-दहाचे गठ्ठे बांधताना त्यांचा हात थांबला. तीन गठ्ठे माझ्यापुढे ठेवले, शेजारी चार सुटे टॉवेल.

“सुनीता, x म्हंजे गठ्ठे की गं. एकात दहा. म्हणून दहा x, आन् वरचे सुटे y.”

मग काय विचारता! मशिनी तशाच सोडून आम्ही जमिनीवर बसलो. उलटी संख्या दहा y अधिक x. वजाबाकी केली तर उरले दोन अंकांतल्या फरकाच्या नऊपट, आणि ते अठरा. म्हणजे फरक दोनाचा, बेरीज बारा... पाच आणि सात! सत्तावन्न. उलटं पंचाहत्तर. त्यांनी ताळा दोनदा करून बघितला. त्या दिवशी घरात जेवायला लई उशीर झाला.

परीक्षेत तसंच गणित आलं. ताई पदर खोचून फाटकापर्यंत धावत आल्या आणि माझा हात धरून नुसत्या हसत राहिल्या. आम्ही दोघी पास झालो.

पुढे मागच्या खोलीत त्या गल्लीतल्या मुलींना बीजगणित शिकवू लागल्या. आपसात तेलुगू बोलणाऱ्या मुली ताईंसमोर मराठीत भांडायच्या, x आधी काढायचा की y. आजारपणानं मात्र त्यांना फार वेळ दिला नाही...

खोली भाड्यानं द्यायची ठरली. परवा मी सामान आवरायला गेले, तर फळ्यावर त्यांचं अर्धवट गणित तसंच होतं. बेरीज तेरा, उलटवली की संख्या पंचेचाळीसने कमी. दार उघडं दिसल्यावर मुली आत आल्या. त्यातली एक म्हणाली, “काकू, ह्याचं उत्तर राहिलंय.”

आम्ही सगळ्यांनी मिळून सोडवलं. चौऱ्याण्णव. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी फळा पुसला, आणि पुढचं गणित लिहायला घेतलं.