मुद्देमालातली कृपाण

ती घटना आजही आठवते, पण खुनामुळे नाही. खून नोकरीत बरेच पाहिले आणि खरं सांगायचं तर त्यातले निम्मे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. ही आठवते ती एका बापामुळे. नावं कुणाचीच लिहीत नाही. माणसं अजून तिथेच राहतात.

द्रोणागिरीच्या बाजूला कंटेनरचं एक यार्ड होतं. तिथला गेट सुपरवायझर संध्याकाळी कंटेनरच्या रांगांमागे मरून पडलेला सापडला. पोटात धारदार शस्त्राचे वार होते. जवळच्याच गावचा माणूस, घरी बायको आणि लहान मुली. आम्ही पोहोचलो तेव्हा निम्मं गाव यार्डात जमलं होतं आणि प्रत्येकाकडे संशयिताचं एकच नाव तयार होतं.

संशयित म्हणजे एक सरदारजी. पन्नाशी उलटलेला ट्रेलर चालक, तीस वर्षं जुईनगरला राहणारा. त्या दुपारी गाडी आत सोडण्यावरून त्याचं सुपरवायझरशी जोरदार भांडण झालं होतं आणि ते सगळ्यांनी ऐकलं होतं. त्यात पहिली पक्की खबर दिली ती मयताच्या मेहुण्याने. तोही त्याच यार्डात कामाला होता. माझ्यासमोर उभा राहून तो म्हणाला, "साहेब, मी माजे डोल्यांनी बगलाय. त्याचे कमरंला किरपान व्हती. आता जाऊन बगा, नसंल. टाकली आसंल कुठं खाडीत."

आम्ही सरदारजीला त्याच्या गाडीतून ताब्यात घेतलं. तो पळाला नव्हता. रांगेत गाडी लावून स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. कृपाण खरोखरच नव्हती.

वाचकांना माहीत असेल, नसेल म्हणून सांगतो. अमृत घेतलेल्या, म्हणजे धर्माची दीक्षा घेतलेल्या, शिखाला पाच गोष्टी कायम अंगावर ठेवाव्या लागतात आणि कृपाण त्यातली एक. झोपताना, आंघोळ करतानासुद्धा ती दूर करत नाहीत. राज्यघटनेनेच हा हक्क मान्य केलेला आहे, त्यामुळे कृपाण बाळगली म्हणून आम्ही कुणाला पकडत नाही. पण बाळगणाऱ्याकडे ती नाही, हे मात्र पोलिसाला खटकणारच. माझ्या वरिष्ठांनी फोनवर ऐकलं आणि म्हणाले, "झालं तर मग. हत्यार शोध आणि विषय संपव."

लॉकअपमध्ये टाकण्याआधी अंगझडती होते. पट्टा, दोरी, नाडी, काहीही आत जाऊ देत नाहीत, कारण माणूस आत गळफास घेतो आणि नोकरी आमची जाते. सरदारजीच्या खांद्यावरून कृपाण अडकवायचा कापडी पट्टा आडवा आला होता. त्याला गात्रा म्हणतात. आमच्या हवालदाराने तो काढायला हात घातला तेव्हा सरदारजी मागे सरकला आणि म्हणाला, "मी काढतो." त्याने तो सावकाश काढला, घडी केली, कपाळाला लावली आणि पाकिटात ठेवायला दिला.

मला तिथेच काहीतरी बोचलं. खून करून हत्यार खाडीत फेकणारा माणूस रिकामा पट्टा खांद्यावर मिरवत गाडीत बसून राहील कशाला? पट्टाही गेला असता हत्याराबरोबर. पण बोचणं म्हणजे पुरावा नव्हे.

चौकशीला घेतलं. बाकी सगळ्याची उत्तरं सरळ देत होता. भांडण झालं का? झालं. शिवी दिली का? दिली. "त्या दिवशी कुणीही समोर आला असता तर भांडलो असतो, साहेब." मारलं का? नाही. कृपाण कुठे आहे? यावर गप्प. मी चहा मागवला, आवाज चढवला, पुन्हा चहा मागवला. माझ्या अनुभवात खोटं बोलणारा माणूस खूप बोलतो, त्याला शांतता सहन होत नाही. हा गप्प होता तो काहीतरी राखत असल्यासारखा. मी त्याला सरळ सांगितलं, "सरदारजी, ती कृपाण मिळाली नाही तर तुम्ही जन्मठेपेला जाल." तो म्हणाला, "जाऊ दे." तेवढंच.

मग मी घरझडतीला जुईनगरला गेलो. दोन खोल्यांचा फ्लॅट. दार उघडंच होतं. पलंग भिंतीला उभा केलेला, जमिनीवर पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, बायका डोक्यावर ओढण्या घेऊन बसलेल्या आणि कोपऱ्यात गुरुद्वारातला एक ग्रंथी पाठ म्हणत होता. मी बूट काढून आत गेलो. सरदारजीच्या बायकोने मान वर केली आणि विचारलं, "त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही का? आमचा मुलगा गेला." एकुलता एक मुलगा. खुनाच्या थोडेच दिवस आधी, म्हणजे त्याच आठवड्यात, शिरवण्याजवळच्या स्मशानात त्याला अग्नी दिला होता. आणि बापाला घरात बसवेना म्हणून तो गाडी घेऊन बाहेर पडला होता.

मी झडती घेतली नाही. परत येऊन सरदारजीला लॉकअपबाहेर काढलं, माझ्या खोलीत बसवलं आणि हवालदाराला दार लावून बाहेर थांबायला सांगितलं.

"मुलगा गेला, बोलला नाहीत," मी म्हणालो.

तो रडला. आवाज न करता, दाढी भिजेपर्यंत. मग तुकड्यातुकड्यांनी सगळं बाहेर आलं. मुलाने लहानपणी अमृत घेतलं होतं. पुढे संगत बिघडली, दारू लागली, केस कापले, कृपाण काढून बापाच्या पुढ्यात टाकली आणि घर सोडलं. अधूनमधून यायचा, भांडायचा, निघून जायचा. शेवटी यकृत गेलं तेव्हा हॉस्पिटलमधून बापाला फोन आला. शेवटच्या दिवसांत तो म्हणत होता, पापाजी, मला परत घ्या. परत यायचं तर गुरुद्वारात पाच अमृतधारी शिखांसमोर उभं राहून पुन्हा अमृत घ्यावं लागतं. तेवढा वेळ त्याला मिळाला नाही.

"शिखाला कृपाणीसकट जाळतात, साहेब. माझा मुलगा रिकामा चालला होता. मी कफनाखाली हात घातला आणि माझी त्याच्या कमरेला ठेवली. कुणाला सांगितलं नाही. त्याचा हक्क नव्हता, लोक बोलले असते. त्याच्या आईलासुद्धा माहीत नाही."

"मग मला आधी का नाही सांगितलं? सुटला असतात."

"सांगितलं तर तुम्ही ती काढणार. त्याची राख चाळणार. डब्यात घालून सील करणार. साहेब, मला पाठवा जेलमध्ये. ती राहू दे त्याच्याकडे."

तो बरोबरच बोलत होता. मी तेच करणार होतो.

स्मशानातल्या राखणदाराने बापाला कफनाखाली हात घालताना पाहिलं होतं. त्याने तसा जबाब दिला. अस्थी मातीच्या मडक्यात, फडक्यात बांधून तिथल्याच कपाटात ठेवलेल्या होत्या. पंजाबात कीरतपूरला नेऊन वाहत्या पाण्यात सोडायच्या होत्या. दोन पंचांसमोर मडकं उघडलं. हाडांच्या तुकड्यांत काळं पडलेलं, किंचित वाकलेलं पातं होतं. मूठ जळून गेलेली. सरदारजी हात जोडून उभा होता. पंचनाम्यात आम्ही लांबी लिहिली, रुंदी लिहिली, पात्यावर गंज नाही असं लिहिलं. लिहिताना हवालदाराचा हात थांबत होता, मी त्याला दोनदा पुढे लिही म्हटलं.

त्या पात्याने तपास फिरला. खुनाच्या दिवशी जी कृपाण राखेत होती, ती मेहुण्याने त्याच दिवशी सरदारजीच्या कमरेला 'बघितली' होती. मी त्याला बोलावून पुन्हा विचारलं. तो ठाम होता. मूठ कशी, म्यान कसं, सगळं त्याने सांगितलं, कारण आधी वर्षभर रोज पाहिली होती. सरदार म्हटलं की कृपाण असणारच, असं धरून तो चालला होता. पट्टा रिकामा आहे हे त्याच्या ध्यानात आलं ते खुनानंतर, आणि त्याने त्याचा फायदा घेतला. मी त्याला स्मशानातलं सगळं सांगितलं तेव्हा त्याने खून कबूल केला. "माजे बहिनीला रोज मारायचा, साहेब. किती सांगला, आयकला नाय." मासे कापायचा सुरा त्याने स्वतः खाडीच्या चिखलातून काढून दिला. ज्या बहिणीसाठी त्याने हे केलं ती नवऱ्यालाही मुकली आणि भावालाही. ठाण्यात येऊन ती माझ्यासमोर बसून राहिली.

सरदारजीला आम्ही सोडलं. कृपाण मात्र सोडता आली नाही. मेहुण्याचा वकील कोर्टात सरदारजीकडेच बोट दाखवणार हे उघड होतं, त्यामुळे ते पातं आणि त्याचा तपासणी अहवाल खटला संपेपर्यंत लागणार होता. मी अर्ज करायला मदत केली. कोर्टाने कृपाण सुपूर्दनाम्यावर बापाकडे दिली. अट अशी की वस्तू जशीच्या तशी सांभाळायची, नष्ट करायची नाही, बोलावलं की हजर करायची. म्हणजे पाण्यात सोडता येणार नव्हती. आणि कृपाणीशिवाय अस्थी सोडायला तो तयार नव्हता. नातेवाईक रागावले, अस्थी घरात ठेवत नाहीत म्हणाले. त्याने कुणाचं ऐकलं नाही. मडकं आणि पातं दोन्ही जुईनगरच्या त्या फ्लॅटमध्ये, मुलाच्या कपाटात राहिलं.

मध्ये एकदा तो गुरुद्वारात पाच जणांसमोर उभा राहिला. कृपाणीशिवाय हिंडला म्हणून त्याला प्रायश्चित्त म्हणून येणाऱ्या भाविकांचे जोडे पुसण्याची सेवा मिळाली. मुलाला कृपाण दिली, हेही त्याने सांगून टाकलं. त्या पाचांतला सगळ्यात म्हातारा म्हणाला, बाप होतास, पुढचं आम्ही विचारत नाही. हे मला सांगताना सरदारजी पहिल्यांदा थोडा हसला.

खटला काही वर्षं चालला. अंतिम आदेश झाला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. त्याचा फोन आला, "साहेब, कीरतपूरपर्यंत आता जाववत नाही. इथेच सोडतो. तुम्ही येणार?"

उरणच्या बाजूला सकाळी भरतीच्या वेळी आम्ही होडीतून थोडं आत गेलो. बायको आली नव्हती. त्याने मडकं उघडलं, पातं फडक्यात गुंडाळून आत ठेवलं, अरदासची प्रार्थना म्हटली आणि दोन्ही हातांनी मडकं पाण्यात सोडलं. ते लगेच बुडालं.

पोलिसाला हत्यार म्हटलं की वार दिसतो. मलाही तीस वर्षं तेच दिसायचं, त्यात गैर काही नाही, कामच ते. पण या माणसाने मला शिकवलं की एखाद्याच्या कमरेला काय लटकतंय हे पाहून त्याच्याबद्दल काहीच कळत नाही. सहानुभूतीने विचारलं तरच कळतं, आणि कधीकधी कळूनही आपल्याला त्याच्यासाठी फार काही करता येत नाही. याचं वाईट वाटतं आणि वाटत राहणार.

परतताना तो पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "साहेब, जिवंत होता तेव्हा दोन दिवस घरात टिकत नव्हता. तुमच्या कोर्टामुळे इतकी वर्षं राहिला. त्याची आई रोज कपाट उघडून त्याच्याशी बोलायची. आता घरी गेलो की विचारेल, त्याला कुठे सोडून आलात. काय सांगू तिला?"

"सांगा, कृपाण सोबत दिली," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि होडीवाल्याला किनारा घ्यायला सांगितलं.