टोपीतला नकाशा

तोच जळका बुंधा तिसऱ्यांदा समोर आला, तेव्हा सिस्टरनी मनातल्या मनात चाललेला देवाचा जप थांबवला आणि विचारलं, "भाऊ, आपण चुकलोय का?"

वाटाड्याने खांद्यावरची लसीची पेटी खाली ठेवली. चिमूटभर माती उचलली, हुंगली, वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. आरोग्य खात्याच्या माणसांना डोंगरातल्या वस्त्यांवर नेताना गेली एकोणीस वर्षं तो हेच करत आला होता.

"कसला वास येतोय?"

"मातीचा," तो म्हणाला आणि बुंध्यावर बसला.

मग त्याने टोपी काढली. अस्तरात चौघडी घातलेला कागद होता, हाताने काढलेला नकाशा. ओढे निळे, वाटा तांबड्या, कोपऱ्यात उत्तरेचा बाण.

"हे आधीच का नाही बघितलंत?"

"तुम्ही नवीन. म्हटलं, पहिल्याच दिवशी इज्जत नको जायला."

सिस्टरनी पाण्याची बाटली पुढे केली. त्याला बोलतं करायला फार जोर लावावा लागला नाही.

त्याचे लोक या डोंगरांत बाकी कोणी यायच्या आधीपासूनचे. पण त्याला सहाव्या वर्षी शहरातल्या वसतिगृहात नेऊन ठेवलं, ते अठराव्या वर्षी सोडलं. तिथे घरची भाषा तोंडातून निघाली की ओणवं उभं राहायचं. जंगल त्याने पाहिलं ते भूगोलाच्या पुस्तकात. भूगोलात मात्र शंभरात ब्याण्णव. नकाशे काढायच्या जागेसाठी अर्ज दिला, तर साहेबांनी आडनाव वाचून तो बाजूला सारला. "तुम्हा लोकांना टेबलाशी बसवत नाही रे. वाटाड्या हो. जंगल तोंडपाठ असेल तुला."

"नाही साहेब, मला त्यातलं काही येत नाही," हा खरं ते बोलला.

"बघा, किती नम्र असतात," साहेब शेजारच्यांना म्हणाले आणि शेऱ्यात 'उत्तम' लिहिलं.

पहिल्याच फेरीत त्याने डॉक्टरांना गुडघाभर चिखलात नेऊन उभं केलं. दुसऱ्या फेरीला सरकारी नकाशा हातात धरला, तर वरून विचारणा झाली, कागद बघूनच चालायचं तर वाटाड्या कशाला पोसायचा? नोकरी जायची पाळी आली तेव्हा त्याने आत्याचे पाय धरले. आत्या शाळेची पायरी न चढलेली, पण सगळा डोंगर तिच्या पायाखालचा. दर रविवारी ती पुढे आणि हा वही घेऊन मागे.

"ही वाट तुझ्या बापाला दात यायच्या आधी माहीत होती," ती म्हणायची.

"मग कुणी लिहून का नाही ठेवली?"

"घरचाच पोरगा पाहुण्यासारखा येऊन विचारेल, हे कुणाला ठाऊक."

हा पावलं मोजायचा, घरी येऊन नकाशा काढायचा, पाठ करायचा. मग साहेबलोकांपुढे माती हुंगायची, झाडाच्या सालीवर हात फिरवायचा. साहेब खूश. एकाने तर हुंगण्याची पद्धत वहीत टिपून घेतली होती.

आजची वस्ती मात्र नवी. तिकडे आत्या कधी गेली नव्हती, आणि आता तर गुडघ्यांनी तिला उंबऱ्याशी बसवलं होतं. त्याने नकाशा मांडीवर पसरला, दोन ओढ्यांमधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "पाणी दोन्हीकडे आहे. माणसं इथंच बसली असणार."

वीस मिनिटांत कुत्र्यांनी त्यांचं स्वागत केलं. पेटीतला बर्फ अजून टिकून होता. अकरा मुलांना टोचून झालं, मुलं रडून मोकळी झाली. निघण्याआधी वाटाड्याने कोऱ्या जागेत अकरा घरं काढली, मग एक खोडून दहा केली. ते कुत्र्यांचं होतं.

उतारावर तो म्हणाला, "नकाशा विभागात पुन्हा जागा निघालीय. वयाच्या अटीत मी याच वर्षापुरता बसतो. बरोबर काम केलेल्या कुणाच्या तरी दोन ओळी लागतात. द्याल का?"

"देईन की. डोंगराचे मोठे जाणकार, असं लिहिते."

"ते नको, सिस्टर. एकोणीस वर्षं तेच लिहितायत, म्हणून तर इथं आहे मी."

"मग काय लिहू?"

"आज तीनदा चुकलो, ते लिहा."

सिस्टर थांबल्या. "अहो, तुमची आहे ती नोकरीही जाईल."

"जाईल कदाचित." त्याने नकाशा टोपीत न ठेवता खिशात घातला. "तरी लिहा. चुकलो, मग नकाशा बघितला आणि वस्ती सापडली. नकाशा मी काढलाय, हेही लिहा. आणि खाली आत्याचं नाव घाला. तिला सांगून आलोय मी तसं."