शिरडच्या मावशींची नानकटाई

शिरडच्या मावशींनी आमच्या ग्रुपवर कधी एक अक्षर टाइप केलं नाही. जे काय सांगायचं ते आवाजात, आणि तोही शेतात लांबच्याला हाक मारावी तसा. "ऐकून राहिल्या का गं पोरींनो?" अशी सुरुवात. मागे शेळी ओरडायची, कुकरची शिट्टी व्हायची. मी इअरफोन घालायला विसरले की अख्खं ऑफिस माझ्याकडे बघायचं.

ग्रुपचं नाव 'कुकीजवेड्या'. वसमतला बसून मीच काढलेला, अ‍ॅडमिनही मीच. बायका पुण्या-नागपूरच्या, दोघीतिघी तर परदेशातल्या. शिरड शहापूरच्या या मावशी कुणाच्या तरी ओळखीनं आत आलेल्या. बाकीच्या ग्रॅम आणि डिग्री लिहायच्या, मावशींचं सगळं वाटीवर आणि बोटावर.

एकदा एकीच्या कुकीज ओव्हनमध्ये पसरून सगळ्यांची मिळून एक पोळी झाली. बिचारीनं रडके चेहरे टाकले. आम्ही हुशारांनी तिला तीन व्हिडिओ पाठवले. मावशींनी विचारलं, "तूप पातळ करून घातलंस व्हय? थिजलेलं घे माय, साखरेसंगं हलकं होईस्तोवर फेट. अन् ते फेकू नको, चहात बुडवून खा. काय तकलीफ हाय?" पुढच्या खेपेला तिच्या कुकीज जमल्या.

मावशींकडे ओव्हन नव्हता. घरी पीठ मळून, स्टीलच्या डब्यात भरून त्या एसटीनं वसमतला यायच्या आणि बेकरीच्या भट्टीवर भाजून न्यायच्या. आमच्याकडे दिवाळीच्या आधी कितीतरी बायका हेच करतात. नानकटाई पत्र्यावर स्वतः मांडायच्या, बेकरीवाल्याला हात लावू द्यायच्या नाहीत. "माल माझा, हात माझा, जाळ तेवढा तुझा," असं त्याला बजावायच्या. माझी आईही असंच करायची, आणि रांगेत डबा धरून मी उभी असायचे. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत ग्रुपवर स्पर्धा ठेवली. नियम मीच लिहिला: कुकीज घरच्याच हव्यात, बेकरीतल्या चालणार नाहीत. मावशींच्या नानकटाईच्या फोटोला सगळ्यांत जास्त मतं पडली. दुसरी मी. तेवढ्यात एकीनं विचारलं, "फोटोत मागे बेकरीची भट्टी दिसतेय. मग हे घरचं कसं?"

मी एक ओळ लिहिली असती तर भागलं असतं. पण त्या शहरातल्या बायकांपुढे डबा, रांग, भट्टी हे सांगायची मला लाज वाटली. आणि खरं सांगू? पहिला नंबर मला हवा होता. मी लिहिलं, 'नियमानुसार ही एंट्री बाद.' एवढी मोठी शहाणी मी!

मावशींचा आवाज आला, या वेळी हळू. "बराबर हाय. नियम म्हंजे नियम. पोरीचं अभिनंदन." त्यानंतर त्या ग्रुपवर बोलल्याच नाहीत.

दीडेक महिन्यानं मला राहवेना, शिरडला गेले. मावशींनी चहा ठेवला आणि दुकानातला बिस्किटांचा पुडा फोडून बशीत मांडला.

"मावशी, नानकटाई?"

"सोडली गं. आपलं नसलेलं आपलं म्हनून काहून मिरवावं?"

मला रडूच फुटलं. चुकलं माझं, म्हणाले. सगळं सांगितलं, नंबरच्या मोहासकट. मावशी हसल्या. "येडी हायस. नंबर ऱ्हाऊ दे तुला. फकस्त ग्रुपवर एवढं सांग, भट्टीवर भाजलेलं बी घरचंच असतंय. न्हाईतर त्या पोरींना वाटंल, मावशीनं फसवलं."

"आजच सांगते," म्हणाले. परतीच्या बसमध्ये दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. सांगायचं तर आधी का बोलली नाहीस, असं सगळ्यांनी विचारलं असतं. उद्या सांगू, परवा सांगू करत उन्हाळा आला आणि त्या उन्हाळ्यात मावशी गेल्या.

ग्रुपवर मी त्यांचा फोटो टाकला, 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. भराभर सगळ्यांनी हात जोडले. एकीनं लिहिलं, "स्पर्धेत जरा फसवलं त्यांनी, पण मनानं चांगल्या होत्या."

मी ते वाचलं, आणि त्याखाली मीही हात जोडले.