मोडलेला बांध

नवीन ड्राइव्ह करायच्या नादात मी हार्ड डिस्कची वाटणी, म्हणजे पार्टिशन, बिघडवली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. गेलेल्या आईचं एकमेव रेकॉर्डिंग त्यातच होतं. शहरातल्या द्वारका चौकाजवळचा दुरुस्तीवाला मूळचा सायखेडा गावचा. डिस्क काढताना त्यानं एकच विचारलं, "नंतर वरून काही भरलं का?"

"नाही."

"मग घाबरू नका. बांध मोडलाय, शेत जागेवर हाय."

तासाभरानं स्पीकरमधून आई काळ्या मसाल्याचं माप सांगू लागली. हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच धरून तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"गावी शेत कोण बघतं?" मी विचारलं.

"भाऊ. वाटणी झाल्यापासून बोलत नाय आम्ही," स्क्रू घट्ट करत तो म्हणाला. "आमचा बांध मात्र शाबूत हाय."