चिनहोंग नावाची दोन यंत्रं

के श्यू-झेनला कारखान्यात सगळे झेन-जिए म्हणत, म्हणजे झेनताई. तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठे असलेले मालक लियाओसुद्धा तसंच म्हणत. फेंगयुआन शहरात बाईला एकदा ताई म्हटलं की पगारवाढीचा विषय घरगुती होतो आणि घरगुती विषय कामाच्या जागी काढत नाहीत.

लेथचे भाग बनवणाऱ्या त्या कारखान्याचे सगळे नकाशे, म्हणजे भागांची रेखाचित्रं, एका सामायिक सर्व्हरवर असत. तो झेन-जिएनं उभा केला, वाढवला. हिवाळ्यापासून कुजबूज होती की हे काम बाहेरच्या कंपनीकडे जाणार आणि ताईला नारळ मिळणार. वर्षअखेरच्या जेवणात मालकांनी पेला उंचावून सांगितलं, "मी आहे तोवर झेन-जिएच्या खुर्चीला हात लावायची कुणाची टाप नाही." तिनं विश्वास ठेवला. पेला कितवा होता, हे तिनं विचारायला हवं होतं.

सर्व्हरचं नाव चिनहोंग, म्हणजे पुढे झेपावणारा रानहंस. पूर्वी दोनदा डिस्क गेली, तेव्हा मालकांनी नावं बघणाऱ्या ज्योतिषाला गाठलं आणि त्यानं अक्षरांच्या रेघा मोजून हे नाव काढलं. सर्व्हरला ते रोमन लिपीत द्यावं लागतं, तिथे या रेघा उरतच नाहीत, असं झेन-जिए नम्रपणे म्हणाली. मालक म्हणाले, "हंसाला कळतं." तिनं त्याच दिवशी नव्या डिस्क घातल्या. श्रेय हंसाला गेलं.

जूनमधल्या एका सकाळी चिनहोंग आम्हा नकाशेवाल्यांना आत घेईना. गंमत म्हणजे लवकर येऊन कामाला लागलेल्यांचं सुरळीत चाललं होतं. त्यांच्यातल्या ज्यांनी शेजाऱ्याचं पाहून 'बंद करून चालू करा' हा सर्वमान्य उपाय केला, तेही बाहेर फेकले गेले.

इथली ओळख पटवण्याची पद्धत कर्बेरॉस. दारावरचा पहारेकरी, म्हणजे आणखी एक यंत्र, तुम्हाला ओळखून एक मोहोरबंद तिकीट देतो. ती मोहोर उघडायची चावी दोघांकडेच: पहारेकऱ्याकडे आणि सर्व्हरकडे. चावी जुळली की तुम्ही आत. आधी घेतलेलं तिकीट दिवसभर चालतं, नवं घ्यायला गेलात की अडकलात.

"आधी घड्याळं," झेन-जिए म्हणाली. पहारेकऱ्याचं आणि सर्व्हरचं घड्याळ पाच मिनिटांनी जरी हुकलं तरी तिकीट नाकारतात. तिचा मदतनीस शिह वेई-चुंग लगेच उठला. त्यानं तिच्याच हाताखाली सगळं शिकून घेतलं होतं आणि लग्न होऊन बाप झाल्यावरही तो तिला शिफू म्हणे, म्हणजे गुरू.

"शिफू, याचं बरोबर आहे. याचंही बरोबर. तो खालचा बघून येऊ?"

"बघ. जपून, जिना पुसलाय."

घड्याळं बरोबर निघाली. सर्व्हरचं नावही बरोबर निघालं. शेवटी तिनं चाव्यांचे क्रमांक ताडून पाहिले; चावी बदलली की क्रमांक एकानं वाढतो. पहारेकऱ्याकडची चावी चिनहोंगकडच्या चावीच्या एक पाऊल पुढे होती. सर्व्हर स्वतःची चावी स्वतः बदलतो तेव्हा त्याला ती ठाऊक असते. ठाऊक नाही, याचा अर्थ एकच: चिनहोंग हेच नाव सांगून दुसऱ्याच कुणीतरी पहारेकऱ्याकडून नवी चावी घेतली होती.

नोंदीत मागणी तिसऱ्या मजल्यावरून आल्याचं दिसलं, म्हणून ती तिथल्या नमुन्यांच्या खोलीत गेली. एरवी बंद असणारी ती खोली आज थंडगार होती. कोऱ्या सर्व्हरवर बाहेरच्या कंपनीची चिठ्ठी होती, आणि शेजारी वेई-चुंग, हातात सोयाच्या दुधाचा पेला.

"चिनहोंगच नाव ठेवलंस?"

"मालक म्हणाले, नाव बदलायचं नाही. ज्योतिषाचं आहे. मला वाटलं, पत्ता नंतर वळवू."

"म्हणजे आज सकाळी याच नावानं जोडलास. आणि सकाळभर माझ्याबरोबर घड्याळं बघत फिरलास."

तो पेल्याकडे बघत म्हणाला, "तुम्हीच शिकवलंत ना शिफू. आधी घड्याळं."

"ते बरं लक्षात राहिलं."

"मालक मला म्हणाले, तिला शेवटच्या दिवशी सांगू, उगाच मन दुखायला नको. नकाशे सगळे यावर उतरवून घेतलेत. आणि... त्या कंपनीत मला घेतायत."

ती मालकांकडे गेली. ते चहा गाळत होते.

"मालक, एका नावाला एकच चावी चालते. माझ्या सर्व्हरसाठी परत घ्यायची तर दोन मिनिटांचं काम आहे, पण मग वरचा आंधळा होईल. कुणाकडे ठेवू?"

"झेन-जिए, आधी बस. चहा घे. तू म्हणजे घरचीच."

"कुणाकडे?"

मालकांनी तिच्यासमोर पेला सरकवला. तो नीट मध्यावर आहे का, ते पाहिलं. "दुपारी माल तपासायला लोक येतायत," ते म्हणाले, "तेव्हा गोंधळ नको. नव्याकडेच राहू दे. तुझ्या हातूनच होऊ दे, तू शांतपणे करतेस."

चहा तसाच ठेवून ती जागेवर आली आणि चिनहोंग या नावाचा पत्ता तिसऱ्या मजल्याकडे वळवला. थोड्या वेळानं आमचे नकाशे उघडले. विभागात टाळ्या पडल्या. "झेन-जिए, तू नसतीस तर आमचं काय झालं असतं!" कुणीतरी ओरडलं. वेई-चुंगनंही टाळ्या वाजवल्या; न वाजवणं विचित्र दिसलं असतं.

मग ती आपल्या जुन्या सर्व्हरपाशी गेली आणि त्याला बंद व्हायला सांगितलं. असे सर्व्हर बंद होण्याआधी कारण विचारतात आणि उत्तरंही स्वतःच सुचवतात. तिनं ती सगळी वाचली आणि 'नियोजित' हे उत्तर निवडलं.